तिसरी काडी

रावसाहेबाची टिकली पिवळी झाली तेव्हा तो कांदा चिरत होता. डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे त्याच्या काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दयानंदच्या. तो समोर बसून लसूण सोलत होता. रावसाहेबाच्या डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, सकाळपर्यंत मुगाच्या दाण्यासारखा हिरवा असलेला ठिपका आता चक्क पिवळा दिसत होता.

दयानंदने हातातली पाकळी ताटलीत ठेवली आणि आधी स्वतःचं मनगट पाहिलं. तिथली टिकली हिरवीगार होती.

"राव, सुरी ठेव."

"झालंच की. एवढा एक ऱ्हायलाय."

"सुरी ठेव आणि हात बघ."

रावसाहेबाने हात पाहिला. मग अंगठ्याने टिकली घासली, पुन्हा पाहिली. "हळद लागली आसंल," तो म्हणाला.

"हळद अजून डब्यात आहे."

इचलकरंजीत समलिंगी पुरुषांसाठी असलेल्या 'सोबत' आरोग्यकेंद्रात दयानंद म्हेत्रे समुपदेशक होता. निम्मं आयुष्य त्या खुर्चीत गेलं होतं. समोर येणाऱ्या प्रत्येक घाबरलेल्या माणसाला तो एक वाक्य हमखास ऐकवायचा: पिवळी म्हणजे आरोप नव्हे, पिवळी म्हणजे तपासून घ्या. इतक्या वेळा ऐकवलं होतं की झोपेतून उठवलं तरी म्हणाला असता. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र ते ऐन वेळी त्याच्या तोंडी आलं नाही.

"मी कुठं गेलो न्हाई, दया," रावसाहेब म्हणाला.

"मी काही विचारलं का?"

"न्हाई इचारलंस. त्येच तर."

दयानंद उठला, हात धुतले. "उद्या केंद्रावर ये," तो म्हणाला. "लघवीचा नमुना लागेल. अकराच्या आत आलास तर बरं." हा त्याचा खुर्चीतला आवाज होता, परक्यांसाठी राखून ठेवलेला. रावसाहेबाने तो ओळखला. अर्धा चिरलेला कांदा तसाच ठेवून तो गॅलरीत जाऊन बसला आणि त्या दिवशी दोघांनी दूध-चपाती खाल्ली.

टिकली बाजारात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. दिसायला बायकांच्या कपाळावरच्या टिकलीसारखीच, म्हणून गावाने तिला तेच नाव दिलं. कंपनीने दिलेलं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. तिच्या पोटाशी केसाहून बारीक सुया असतात. कातडीखाली जो ओलावा असतो तो त्या दिवसभर थेंबथेंब चाखतात. शरीरात संबंधातून पसरणारे परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, किंवा क्लॅमिडियाचे जंतू शिरले की त्यांचे तुटके तुकडे त्या ओलाव्यात उतरतात. आपल्या पेशीही चिडतात आणि आपली रसायनं सोडतात. टिकली दोन्ही वाचते आणि काही खटकलं की पिवळी होते. गरमी, म्हणजे सिफिलिस, तीही तिला ओळखता येते. माणसाला काही दुखायच्या, खुपायच्या आधीच तिला कळतं, हे तिचं मोठेपण.

अडचण एवढीच की प्रत्येक शरीरात कोट्यवधी जंतू आधीच सुखाने नांदत असतात. त्यांचेही तुकडे त्याच पाण्यात तरंगतात आणि माणसागणिक ही गर्दी वेगळी. म्हणून लावल्यावर पहिले तीन आठवडे टिकली पांढरीच राहते. ती काही सांगत नाही, नुसती ऐकते. या घरातले रोजचे कोण, हे ती शिकते. मग हिरवी होते, आणि त्यानंतर जो कुणी नवा आत येईल त्याच्यावर भुंकते.

म्हणून लावायच्या आधी बोटाचं रक्त आणि तीन काड्या. पहिली काडी लघवीत बुडवायची, दुसरी घशात फिरवायची, तिसरी मागून. काही निघालं तर आधी औषध, मग टिकली. तिसरी काडी डॉक्टरने घ्यायचीही गरज नसते. न्हाणीघरात जाऊन आपली आपण घ्यायची: दोन इंच आत, एक गिरकी, आणि नळीत बंद. दयानंद हे सगळ्यांना हातवारे करून सांगायचा.

टिकली येण्याआधी तो वेगळं सांगायचा. मागच्या वाटेला स्वतःचा ओलावा नसतो, आणि आतलं अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. कोरडेपणाने बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तेवढं दार पुरतं. म्हणून निरोध हवाच, आणि पाण्यावर बनवलेलं वंगण भरपूर हवं. खोबरेल नको, तेलाने निरोधाचं रबर विरतं आणि ऐन वेळी फाटतं. घाई करायची नाही. दुखलं तर 'थांब' म्हणायचं, आणि म्हटल्यावर दुसऱ्याने खरंच थांबायचं. पोरं माना खाली घालून ऐकायची, आणि बाहेर जाऊन त्याचीच नक्कल करून हसायची. दयानंदला ते माहीत होतं. हसत का होईना, लक्षात राहतंय ना, असं म्हणून तो सोडून द्यायचा.

मग सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलं आणि एचआयव्हीची भीती गेली. ते इंजेक्शन एचआयव्हीपुरतंच. परमा आणि गरमी यांना त्याचं सोयरसुतक नाही, हे सांगता सांगता दयानंदच्या घशाला कोरड पडली. आणि मग टिकली आली. तेव्हा तोही थकला होता. आपलं बोलणं आता एक यंत्र बोलेल, म्हणून त्याला मनापासून हायसं वाटलं.

टिकलीने जे केलं ते मात्र कंपनीच्याही डोक्यात नसावं. पुरुषाने पुरुषाशी लग्न करायचा प्रश्न कायद्याने अजून लटकतच ठेवला होता. लोक किती दिवस थांबणार? 'सोबत'च्या मागच्या हॉलमध्ये एका जोडीने एकमेकांच्या मनगटावर टिकली लावली, कुणीतरी पेढे वाटले, आणि पाहता पाहता तोच विधी झाला. टिकली लागली की जोडी लागली. सगळ्यांनी म्हणायचं, "जोडी हिरवी राहो." तीन आठवड्यांनी दोघांच्या टिकल्या हिरव्या झाल्या की उरलेली निरोधाची पाकिटं आणून केंद्राच्या दारातल्या पेटीत टाकायची. त्यावर टाळ्या. दयानंदने सुरुवातीला कुरकुर केली होती. मग एकदा टाकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

गेल्या मार्गशीर्षात त्याने स्वतःच पाकिटं टाकली होती. पन्नाशी उलटल्यावर. रावसाहेब मगदूम त्याला एका खानावळीत भेटला होता. दोघंही एकटे, दोघंही रोज त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर. रावसाहेब यंत्रमागाचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. बोलणं कमी, हात मोठे. दयानंद ताटातली मिरची काढून ठेवतो हे पाहून एक दिवस त्याने न विचारता ती स्वतःच्या ताटात घेतली. तिथून पुढे वर्षभर सगळं सावकाश, निरोध-वंगणासकट, पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं, आणि मग टिकली. रावसाहेब कपडे घेऊन राहायला आला. शेजाऱ्यांना "भाडेकरू" सांगितलं. शेजाऱ्यांनीही चेहरा न हलवता ते मान्य केलं.

सोमवारी अकराच्या आत रावसाहेब केंद्रावर आला आणि नमुना देऊन कामावर गेला. दुपारी डॉक्टर इरावती चौगुलेंनी दयानंदला आत बोलावलं. त्या केंद्राच्या एकुलत्या एक डॉक्टर, आणि दयानंदशी त्यांची जुनी अरे-तुरेची दोस्ती.

"क्लॅमिडिया," त्या म्हणाल्या. "लघवीतच सापडला. सात दिवस गोळ्या, सात दिवस ब्रह्मचर्य. काही मोठं नाही. आणि तूही नमुने दे."

"माझी हिरवी आहे."

"टिकली काही म्हणो, जोडीदाराने तपासायचंच. हा नियम तूच भिंतीवर लावलायस."

"घेतो सवडीने," दयानंद म्हणाला.

आता हे त्याचं म्हणणं शुद्ध वेडेपणाचं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच नमुने द्यायचे म्हणजे काय? घराबाहेर कोण गेलं ते यंत्रानेच सांगितलं होतं. एक मनगट पिवळं, एक हिरवं. अडाण्यालाही वाचता येईल.

संध्याकाळी त्याने गोळ्यांचं पाकीट रावसाहेबासमोर ठेवलं. कशाबरोबर घ्यायच्या, उन्हात का फिरायचं नाही, सगळं खुर्चीतल्या आवाजात सांगितलं. रावसाहेबाने ऐकून घेतलं. "दया, शिव्या तरी दे," तो म्हणाला. दयानंदने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी रावसाहेब गिरणीच्या मागे जॉबरसाठी असलेल्या खोलीत राहायला गेला.

त्यानंतरचे दिवस दयानंदने कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, काढले. केंद्रात बोलायचं, घरी येऊन गप्प बसायचं. खानावळीत जायची सोय उरली नव्हती, तिथे ते कोपऱ्यातलं टेबल होतं. मिरची घातलेली भाजी तो आता मिरचीसकट खात होता.

महिना होत आला तेव्हा फोनवर रावसाहेबाचा निरोप आला. त्याला लिहायचा कंटाळा. तो बोलूनच पाठवायचा. मागे मागांचा खडखडाट होता.

"दया, ऐक. तुला म्हनायचं आसंल तर म्हन, मी गेलो हुतो. कुठं, कुनाकडं, ते तूच ठरीव. माझं चुकलं. आता घरी येऊ का सांग. हितं झोप लागत न्हाई."

दयानंदने तो दोनदा ऐकला. पहिल्यांदा त्याला वाटलं, झालं, कबूल केलं एकदाचं. छाती हलकी झाली. दुसऱ्यांदा ऐकताना 'तूच ठरीव' हे शब्द जरा टोचले, पण त्याने ते बाजूला सारले. माणूस चुकतो. आपण मोठ्या मनाने माफ करू. रविवारी त्याला घरी बोलवायचं, असं त्याने ठरवलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात प्रज्योत आणि निहाल आले. दोघंही पंचविशीच्या आतबाहेरचे, चैत्रात टिकली लावलेले. प्रज्योतची पिवळी, निहालची हिरवी. निहाल न बसताच बोलू लागला.

"सर, काढा ह्याची टिकली. मी लावलीती ती. मीच काढणार होतो, पण म्हटलं रीतसर काढावी."

"मी आईची शपथ घेऊन सांगतो..." प्रज्योत म्हणाला.

"आईला मधे आणू नकोस!"

"पिवळी म्हणजे आरोप नव्हे," दयानंद यांत्रिकपणे म्हणाला. कपाटातून काड्या काढल्या. "दोघांचे नमुने पुन्हा घेऊ. तीन याला, तीन तुला."

दोघांनी तीन-तीन काड्या घेतल्या. आणि दोघांनीही, एकमेकांकडे न पाहता, तिसरी काडी बाजूला काढून टेबलावर परत ठेवली.

"ही मला लागत नाही, सर," प्रज्योत म्हणाला.

"मलाबी," निहाल म्हणाला.

केंद्राची ही जुनी पद्धत होती. तिसरी काडी ज्याला नको त्याला सक्ती नाही. न उघडलेली काडी वाया का घालवा, म्हणून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. ही पद्धत दयानंदनेच पाडली होती, दयेपोटी. तिसरी काडी घेणं म्हणजे आपण जोडीतले कोण, हे सांगून टाकणं. आणि जो खालचा, त्याला आपल्याच माणसांत हसतात. बाहेरचं जग दोघांनाही सारखंच हिणवतं, पण आतल्या आत उतरंड लावल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. तर ती लाज कुणाला नको म्हणून दयानंद विचारायचा नाही. काडी परत आली की मुकाट्याने डब्यात टाकायचा.

त्या दोन काड्या उचलून त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि तो थांबला.

"दोघांनाही लागत नाही?"

पोरांनी माना डोलावल्या.

"मग घरी तुम्ही करता काय? हरिपाठ म्हणता?"

प्रज्योतला फस्सकन हसू आलं. निहालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दयानंदही हसला, आणि हसता हसताच त्याची नजर डब्यात गेली. डबा काठोकाठ भरला होता. काड्याच काड्या, कागदी वेष्टनात कोरड्या ठणठणीत. इतक्या जोड्या लागल्या, पेढे वाटले, टाळ्या झाल्या, आणि तिसरी काडी जवळजवळ कुणीच घेतली नव्हती.

मागच्या वाटेतला जंतू मोठा गरीब असतो. दुखत नाही, खुपत नाही, लघवीच्या नमुन्यात सापडत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्तही, गप्प बसून राहतो. टिकली लावली तेव्हा तो आधीच आत असेल तर? पहिले तीन आठवडे टिकली घरातले रोजचे चेहरे शिकते. चोर आधीपासून घरातच राहत असेल तर कुत्रं त्याला घरचाच समजणार, त्याच्यावर कशाला भुंकेल? ते हिरवं राहणार. मग पाकिटं पेटीत जाणार, आणि चोर एक दिवस जोडीदाराच्या घरात शिरणार. तिथलं कुत्रं मात्र इमानदार. ते भुंकणार. म्हणजे पिवळी होणार ती ज्याने आणलं त्याची नव्हे, ज्याला मिळालं त्याची.

दयानंद खुर्चीत मागे टेकला. त्या डब्यात कुठेतरी त्याची स्वतःचीही काडी होती. मार्गशीर्षात, टिकलीच्या आदल्या दिवशी, त्याने ती तशीच कोरडी टाकली होती. बाकीचे नमुने रीतसर दिले. ही दिली असती तर नळीवर नाव लागलं असतं, इरावतीने पाहिलं असतं. ती हसली नसती. पण जगाला 'यात लाज कसली' म्हणून शिकवणाऱ्या म्हेत्रे सरांना लाज वाटली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"निहाल," तो हळू आवाजात म्हणाला, "ही काडी घे. प्रज्योत, तूही घे. कोणी का घेतली ते मी विचारत नाही, आणि तुम्हीही एकमेकांना विचारायचं नाही. दोन इंच, एक गिरकी. जा."

ते गेल्यावर त्याने डब्यातली एक काडी उचलली आणि तोही गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर इरावतींनी दार लोटून घेतलं. "निहालची निघाली," त्या म्हणाल्या. "आणि तुझीही. तिसरीच. बाकी सगळं स्वच्छ."

"केव्हाचं असेल?"

"जंतू तारीख घालून येत नाही, दया. तुमच्या टिकलीच्या आधीचं, एवढं नक्की."

तेही त्याला ठाऊक होतं. रावसाहेबाच्या आधी त्याचं आयुष्य रिकामं नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही नव्हती. रावसाहेबानेही कधी विचारलं नव्हतं. गुन्हा तो नव्हताच. गुन्हा गेल्या महिन्यात झाला होता, कांदा आणि लसूण यांच्यामध्ये.

"गोळ्या घे आजपासून," त्या म्हणाल्या. "निहालला आणि त्या पोराला मी सांगेन. तुझं तू बघ कुणाला काय सांगायचं ते. माझ्याकडून बाहेर जायचं नाही."

दयानंद गोळ्यांचं पाकीट खिशात घालून बाहेर बाकावर बसला. सगळं किती सोपं होतं. सात दिवस गोळ्या, की जंतू गेला. टिकली आधीही हिरवी, नंतरही हिरवी. रावसाहेबाने न केलेला गुन्हा कबूल केलेलाच होता. वाढून ठेवलेलं ताट. रविवारी त्याला घरी आणायचं, माफ केलं म्हणायचं. तो जन्मभर मान खाली घालून, उपकार मानून राहील. घर सुरळीत चालेल.

आणि खरं सांगायचं तर? सगळ्या जोड्या बोलावून तुमचं हिरवं खरं असेलच असं नाही, हे सांगावं लागेल. ज्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्या दिवसावर पाणी ओतावं लागेल. पुन्हा निरोध, पुन्हा वंगण, पुन्हा तीच टकळी पहिल्यापासून. दयानंदला लढायचं नव्हतं. त्याला खरोखर घरी जाऊन झोपायचं होतं. पण त्या निरोपातले 'तूच ठरीव' हे शब्द आता कानातून हलेनात. तो उठला आणि रिक्षा करून गिरणीकडे निघाला.

रावसाहेब एका मागाखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते. दयानंदने हाक मारली तसा तो सरकत बाहेर आला. महिन्याभरात त्याचे गाल बसले होते.

"निरोप मिळाला न्हवं?" त्याने घाईने विचारलं. "म्हनलं ना मी, माझं चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही, राव. ते माझ्याकडून तुला आलं."

मागांच्या आवाजात ते दोनदा सांगावं लागलं. मग त्याने सगळंच सांगितलं: काडी, डबा, तीन आठवडे, घरातला चोर. रावसाहेब हातातला पाना फडक्याने पुसत ऐकत राहिला. पाना लख्ख झाला तरी पुसत होता.

"म्हंजी मी गेलो न्हवतो," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"नक्की?"

दयानंदने मान डोलावली.

"न्हाई, इचारतोय एवढ्यासाठी," रावसाहेब म्हणाला, "की म्हैनाभर मी माझं मलाच इचारतोय. एखाद्या दिवशी लई पिऊन पडलो हुतो का? कुनी काय केलं का? मी यंत्राचा मानूस, दया. यंत्र खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो, असं म्हनत आलो आयुष्यभर. मग मीच खोटा असनार की. शेवटाला म्हनलं, गेलोच असंन."

"राव, मला..."

"तू एकदा इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू यंत्राला इचारलंस." तो खाली वाकला. "जा आता. माग बंद पडलाय, मालक बोंबलतोय."

दयानंदने सगळ्यांना निरोप धाडला आणि रविवारी 'सोबत'चा हॉल भरला. नेहमीची मंडळी होती, पेढे असतील या आशेने आलेली. दयानंद समोर उभा राहिला. बोलायचं त्याने पाठ केलं होतं, पण ऐन वेळी ते सगळं सोडून त्याने नखाने मनगटावरची टिकली उचकटली आणि टेबलावर ठेवली. कुणीतरी हळहळलं.

"ही हिरवी आहे," तो म्हणाला, "आणि खोटी आहे. मला रोग होता, तिला दिसला नाही. कारण मी तिसरी काडी दिली नव्हती. तुमच्यातल्या बहुतेकांनी दिलेली नाही. डबा माझ्याकडे आहे."

मग त्याने सगळं समजावलं. आवाज एकदाच फाटला, रावसाहेबाचं नाव न घेता 'माझ्या माणसावर मी आळ घेतला' असं म्हणताना.

"म्हणजे आमच्या टिकल्या फुकटच का?" मागून एक जण ओरडला. "तुम्हीच टाळ्या पिटल्या, सर!"

"पिटल्या. सक्ती नको हेही मीच म्हटलं. चूक माझी. टिकली फुकट नाही, पण ती आंधळ्या जागी आंधळी आहे. आजपासून तिन्ही काड्या सगळ्यांना. कुणी खालचा नाही, कुणी वरचा नाही. सगळेच घेणार म्हणजे कुणाचं काय ते कुणालाच कळणार नाही. नमुने स्वच्छ येईपर्यंत निरोध आणि वंगण. आणि टिकलीला विचारायच्या आधी शेजारच्या माणसाला विचारा."

त्याने डबा टेबलावर उपडा केला. काड्यांचा ढीग झाला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. सगळ्यांना पटलं होतं, पण पहिला जो उठेल तो उठला म्हणूनच ओळखला जाणार होता. निहाल उठायच्या बेतात होता, प्रज्योतने त्याचा हात धरून ठेवला. लोक पायांकडे बघू लागले. दयानंदला वाटलं, संपलं. आता एकेक जण चहाचं निमित्त करून बाहेर जाईल.

"द्या हिकडं एक."

दारात रावसाहेब उभा होता. गिरणीतून तसाच आलेला, शर्टावर तेलाचे डाग. तो टेबलापाशी आला आणि त्याने ढिगातून एक काडी उचलली.

"तुला कशाला लागती रं, रावसाहेब?" कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

"मला काय लागतं ते मी बघतो. तू तुझी उचल," रावसाहेब म्हणाला आणि न्हाणीघराकडे चालता झाला.

हसणाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि उचलली. मग निहाल उठला, मग प्रज्योत, मग एक पूर्ण रांग. न्हाणीघर एकच, त्यामुळे बाहेर ताटकळणाऱ्यांची थट्टामस्करी सुरू झाली. इतक्या वर्षांत दयानंदची नक्कल त्याच्या तोंडावर कुणी केली नव्हती. आज तीही झाली, हातवाऱ्यांसकट.

रावसाहेब बाहेर आला आणि बंद नळी त्याने दयानंदच्या हातात दिली.

"दोन इंच आन् एक गिरकी," तो म्हणाला. "एवढ्यासाठी म्हैनाभर गिरनीत झोपलो व्हय मी?"

दयानंदने नळीवर नाव लिहिलं.

हॉल रिकामा झाल्यावर रावसाहेब दारातल्या पेटीशी थांबला. झाकण उचलून आत पाहिलं. "ही परत न्यायची का?"

"न्यायची. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर तरी."

रावसाहेबाने मूठभर पाकिटं खिशात कोंबली. "माफ केलं न्हाई हां अजून."

"करू नकोस एवढ्यात."

"भूक लागलीया पण. घरी काय हाय?"

"कांदे आहेत. कोंब फुटलेत त्यांना."

"चिरतो मी," रावसाहेब म्हणाला. मग त्याने दयानंदच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि तेलकट फडकं त्याच्यापुढे धरलं. "आरं, अजून चिरलाबी न्हाई कांदा. आत्तापासनं कशाला रडतुयास?"